चमचाभर लोणी वाचवणाऱ्या साहेबांस

श्री. खर्चकपातसाहेब यांस,



पत्र उघडं लिहितोय, कारण बंद पाकीट पाठवायला तुमचा एक ठरलेला पत्ता नाही. तुम्ही कधी बापाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाच्या रूपाने येता, कधी परदेशी कंपनीच्या संचालक मंडळातून येता, कधी एखाद्या गुंतवणूक निधीतून. माणसं बदलतात, काम तेच राहतं. हमरस्त्यावरचं चांगलं चालणारं उपाहारगृह ताब्यात घ्यायचं, ताटातला एकेक जिन्नस हलका करायचा, माणसं कमी करायची, दुकानाखालची जमीन विकायची आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं की ‘लोकांच्या आवडी बदलल्या’ असं निवेदन काढून पुढच्या दुकानाकडे वळायचं. मी न्यू जर्सीत राहतो. गाडीने लांब जाताना रस्त्याकडेच्या या दुकानांत बसूनच जेवत आलोय. तुम्ही काय केलंत ते मला बिलाच्या या बाजूने दिसलेलं आहे.

तुमची सर्वांत मोठी शिकार म्हणजे हॉवर्ड जॉन्सन्स ही अमेरिकेतली रस्त्याकडेच्या उपाहारगृहांची साखळी. म्हणून आधी तिचाच हिशेब.

१९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात हॉवर्ड डिअरिंग जॉन्सन नावाच्या माणसाने कर्ज काढून औषधांचं एक लहानसं दुकान चालवायला घेतलं. औषधांपेक्षा दुकानातल्या सोडा-फाउंटनवर गर्दी जास्त, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो आइस्क्रीमच्या मागे लागला. त्याने स्निग्धांश वाढवला. अस्सल स्वाद वापरले. म्हणजे प्रत्येक स्कूपमागे खर्च वाढवला. लोकांनी रांगा लावल्या. पुढे स्वाद २८ झाले आणि तो आकडा त्याच्या मोटारीच्या नंबरपाटीवरही गेला. साहेब, धंद्याची सुरुवात अशी झाली होती. माल चांगला करून, पदरचे पैसे घालून.

१९२९ मध्ये क्विन्सीतच त्याचं पहिलं पूर्ण उपाहारगृह निघालं. त्याच वर्षी बॉस्टनच्या महापौरांनी युजीन ओनीलच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ नाटकावर बंदी घातली, म्हणून प्रयोग क्विन्सीत आले. नाटक इतकं लांबलचक की मध्ये जेवणाची सुट्टी असायची. बॉस्टनची शिष्ट मंडळी त्या सुट्टीत जॉन्सनकडे जेवली आणि नाव गावाबाहेर गेलं. पाठोपाठ मंदी आली. नवी दुकानं काढायला पैसा राहिला नाही, तेव्हा १९३५ साली केप कॉडवरच्या ऑर्लिन्समध्ये त्याने दुसऱ्याला दुकान काढू दिलं. नाव त्याचं, आइस्क्रीम आणि माल त्याचा, दुकान त्या माणसाचं. आज जगभर फ्रँचायझी म्हणून जे चालतं, त्याच्या पहिल्या मोठ्या उदाहरणांपैकी हे एक. छप्पर मुद्दाम नारंगी रंगवलेलं, कारण भरधाव गाडी चालवणाऱ्याला ते लांबून दिसावं आणि ब्रेक दाबायला वेळ मिळावा. १९४० साली पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा टोलरस्ता सुरू झाला, तेव्हा त्या रस्त्यावर प्रवाशांना जेवू घालण्याचं काम हॉवर्ड जॉन्सन्सकडेच आलं.

त्याच टर्नपाइकने आमच्या आधीची मराठी पिढी गेली आहे. पिट्सबर्गचं बालाजीचं देऊळ सत्तरच्या दशकात झालं आणि न्यू जर्सीहून कुटुंबंच्या कुटुंबं गाडी भरून दर्शनाला निघू लागली. वाटेत थांबण्याच्या जागा ठरलेल्या. शाकाहारी माणसाला मिळायचं काय, तर ग्रिल्ड चीज, बटाट्याच्या काड्या आणि आइस्क्रीम. डब्यातल्या पोळ्या गाडीत खायच्या आणि आइस्क्रीमला आत जायचं, असं त्या काळातली मंडळी अजून सांगतात. नव्या देशात बुजलेल्या माणसाला तिथे एक गोष्ट पक्की ठाऊक असायची. मागच्या खेपेला जसं मिळालं, तसंच आज मिळणार.

तुम्ही म्हणाल, एकसारखं हवं म्हणजे साचा आला, आणि साचा म्हटला की दर्जा गेलाच. खोटं आहे. हॉवर्ड जॉन्सन्सचं बहुतेक जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरांत शिजायचं, गोठवून ट्रकने दुकानोदुकानी जायचं. आणि त्या स्वयंपाकघरात कोण उभं होतं? झाक पेपँ. फ्रान्समध्ये द गॉलसाठी रांधलेला हा तरुण न्यूयॉर्कच्या ‘ल पाव्हियाँ’मध्ये काम करत होता. तिथे थोरले जॉन्सन नेहमी जेवायला येत. त्यांनी पेपँला आणि त्याचा वरिष्ठ पिएर फ्रॅनी याला आपल्याकडे बोलावलं. त्याच सुमारास केनेडींच्या व्हाइट हाउसच्या मुदपाकखान्याचं आमंत्रणही पेपँपुढे होतं. ते नाकारून तो हॉवर्ड जॉन्सन्समध्ये रुजू झाला. पहिले काही आठवडे क्वीन्स बुलेव्हार्डवरच्या दुकानात साध्या कामगारासारखे बर्गर परतले, मग मोठ्या स्वयंपाकघरात गेला आणि दहाएक वर्षं राहिला.

त्या दोघांनी काय केलं, ते जरा जवळून बघा. वाळवलेल्या कांद्याच्या जागी ताजा कांदा चिरून घेतला. मार्गारिनच्या जागी लोणी आणलं. पुडीतल्या रशाऐवजी हाडं उकळून रस्सा काढला. आधी घरच्या पातेल्यात पदार्थ करून पाहायचा, मग थोडा वाढवायचा, चाखायचा, पुन्हा वाढवायचा, असं करत करत शिंपल्यांचं सूप एकेका खेपेला ३००० गॅलन निघू लागलं. तीन हजार गॅलन, आणि त्यात खरं लोणी! मोठ्या प्रमाणावर केलं की चव जाते, हे तुमचं ठरलेलं उत्तर. ते साठ वर्षांपूर्वीच त्या कढईत बुडालेलं आहे.

मी हॉवर्ड जॉन्सन्सच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या दुकानात जेवलोय. ते २००५ साली बंद झालं. तिथलं फ्रँकफर्टर अजून डोळ्यांपुढे आहे. लोण्यात परतलेलं, वरून खाचा पाडलेलं, आणि वरच्या बाजूने चिरलेल्या पावात. त्या पावाच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात, म्हणून त्या तव्यावर लोण्यात सपाट बसून खरपूस भाजता येतात. कोणीतरी त्या पावाच्या कडांचाही विचार केला होता.

आता तुमचा प्रवेश. १९५९ साली कारभार थोरल्या जॉन्सनच्या मुलाकडे आला. वय सत्तावीसही नव्हतं. १९६१ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. त्याची कचेरी न्यूयॉर्कला हलली. थोरले जॉन्सन मोटारीत बसून दुकानोदुकानी न सांगता जात, पाहणी करत आणि जेवत. नव्या कचेरीत मात्र दुकानांपेक्षा तिमाही आकड्यांवर नजर जास्त. खर्च कुठे वाचेल, माणूस कुठे कमी करता येईल, माल कुठे स्वस्त मिळेल, हेच प्रश्न. रंगरंगोटी, डागडुजी लांबणीवर पडली. साठच्या दशकाच्या मध्यात कंपनी आकाराने देशात आघाडीवर होती, पुढे उपाहारगृहांची संख्या हजाराच्या घरात गेली, म्हणून कोणाला काही जाणवलं नाही. नफा वाढलेला दिसत होता. साहेब, तुमची खरी करामत हीच. पहिली काही वर्षं तुमचे आकडे खरोखर चांगले दिसतात. लोणी कमी केलं म्हणून गिऱ्हाईक त्याच दिवशी ताट ढकलून उठून जात नाही. जुन्या ओळखीवर ते आणखी चार वेळा येतं. पाचव्यांदा येत नाही, आणि तोवर तुमचा बोनस झालेला असतो.

१९७९ मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल ग्रुपने, म्हणजे मूळच्या तंबाखूवाल्यांनी, ही कंपनी साधारण ६३ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. १९८५ मध्ये ती मॅरियटला विकली, ३१ कोटींच्या आसपास. पाचसहा वर्षांत निम्मी किंमत उडाली. मॅरियटने कंपनीची हॉटेलं आणि नाव लगेच दुसऱ्याला विकून टाकलं. कंपनीच्या मालकीची उपाहारगृहं हवी होती ती मोक्याच्या जागांसाठी. नारंगी छपरं उतरवून तिथे दुसऱ्या पाट्या लागल्या. फ्रँचायझीवाल्यांनी १९८६ साली एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली आणि जमेल तितकी वर्षं दुकानं चालवली. मालाची साखळी तुटलेली, जाहिरातीला पैसा नाही, तरी ते लढले. लेक प्लॅसिडचं दुकान २०१५ मध्ये गेलं, बँगोरचं २०१६ मध्ये, लेक जॉर्जचं २०२२ मध्ये. ते शेवटचं.

एक गोष्ट मात्र तुमच्या खात्यावर टाकत नाही, आणि झाकतही नाही. त्या टेबलावर सगळ्यांना जागा नव्हती. ऑक्टोबर १९५७ मध्ये घानाचे अर्थमंत्री कोमला बेडेमा यांना डेलावेअरमधल्या डोव्हरच्या हॉवर्ड जॉन्सन्समध्ये बसून संत्र्याचा रस प्यायला मनाई झाली, कारण ते काळे होते. बभ्रा इतका झाला की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावलं. दक्षिणेत या साखळीच्या दारात काळ्या विद्यार्थ्यांनी धरणं धरलं, तुरुंग भोगला. जुन्या दिवसांच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी हे विसरू नये. मी जुने दिवस परत मागत नाही. मागतोय ते चांगलं जेवण, आणि ते दारात येणाऱ्या प्रत्येकासाठी.

आता तुमच्या सबबी. पहिली सबब तेलाची. १९७३ च्या तेलसंकटात गाड्या घरी बसल्या, त्याला आम्ही काय करणार, असं तुम्ही सांगत आलात. साहेब, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग होतं, साखरेचंही होतं, आणि हॉवर्ड जॉन्सन्सची दोनशेच्या आसपास असलेली उपाहारगृहं १९४४ पर्यंत बारावर आली होती. बारा! थोरल्या जॉन्सननी त्या काळात युद्धाच्या कारखान्यांतल्या कामगारांना आणि सैनिकांना जेवण पुरवलं, हात चालू ठेवले आणि युद्ध संपताच पुन्हा उभारणी केली. त्यांच्यापुढचं संकट तुमच्यापेक्षा मोठं होतं.

दुसरी सबब मॅकडॉनल्ड्सची. लोकांना झटपट हवं झालं, बसून जेवायला वेळ राहिला नाही. मग वॉफल हाउसचं काय? १९५५ मध्ये अटलांटाजवळच्या अॅव्हनडेल इस्टेट्समध्ये दोन शेजाऱ्यांनी ते काढलं. आज दोन हजारांच्या जवळपास दुकानं आहेत, बहुतेक हमरस्त्यावरून बाहेर पडण्याच्या वाटेलगत, चोवीस तास उघडी. समोरच्या तव्यावर अंडं फुटतं आणि तुमच्या पुढ्यात येतं. कंपनी शेअर बाजारात गेलेली नाही. वादळ आलं की अमेरिकेची आपत्ती निवारण संस्था वॉफल हाउस उघडं आहे की बंद, यावरून त्या गावाची अवस्था जोखते, इतका त्यांच्या चुलीवर भरवसा. मॅकडॉनल्ड्स त्यांच्याही शेजारीच आहे.

तुमचा दुसरा कारखाना इंग्लंडात. सॅम अॅल्पर नावाच्या, कॅरव्हॅन बनवणाऱ्या माणसाने अमेरिकेतले डायनर पाहून १९५८ साली रेडिंगमध्ये अकरा खुर्च्यांचं लिटल शेफ नावाचं उपाहारगृह काढलं. वाढत वाढत त्याची चारशेच्या वर दुकानं झाली. मग ते हातोहाती फिरलं. फोर्टे, ग्रॅनडा, कंपास या कंपन्या, मग गुंतवणूक निधी, मग आणखी कोणी. २००५ नंतरच्या मालकांनी दुकानांच्या जागा विकल्या आणि त्याच जागा भाड्याने घेतल्या. २००७ च्या सुरुवातीला कंपनी बुडता बुडता विकली गेली. नव्या मालकांनी हेस्टन ब्लूमेंथल या नामांकित शेफला आणलं, पॉपमच्या दुकानात त्याने पदार्थ सुधारले, लोकांनी गर्दी केली. म्हणजे लोकांची आवड मेलेली नव्हती! पण ते मोजक्याच दुकानांत पोचलं, तोवर फार उशीर झाला होता. २०१८ मध्ये ते नाव ब्रिटिश रस्त्यांवरून उतरलं.

जागा विकून भाड्याने घेण्याच्या या प्रकाराबद्दल वाचकांना नीट सांगतो, कारण तुमचं सगळं कसब त्यात आहे. रस्त्याकडेच्या उपाहारगृहाला नफा थोडा. अंडी, बटाटे, वीज, पगार जाऊन शंभरामागे काही डॉलर उरतात. तेवढ्यावर ते तग धरतं, कारण पूर्वीच्या मालकाने जमीन स्वस्तात घेऊन ठेवलेली असते आणि भाडं द्यावं लागत नाही. वाईट वर्ष आलं तरी कोणी दारात वसुलीला येत नाही. तुम्ही आलात की पहिल्यांदा ती जमीन विकता. एकरकमी पैसा गुंतवणूकदारांच्या खिशात. उपाहारगृह मात्र त्या दिवसापासून स्वतःच्याच जागेत भाडेकरू, करार वीस-वीस वर्षांचा, भाडं ठरावीक मुदतीने चढतं. आता ते भाडं कुठून काढायचं? लोण्यातून, वाढप्यांच्या पगारातून, फरशी पुसणाऱ्याच्या तासांतून. २०१४ मध्ये रेड लॉब्स्टर ही उपाहारगृहांची साखळी विकत घेणाऱ्या निधीने ताबडतोब दीड अब्ज डॉलरची जमीन विकली. २०२४ च्या मे महिन्यात रेड लॉब्स्टरने दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्तमानपत्रांनी कोळंबीच्या ‘हवी तितकी खा’ योजनेवर खिल्ली उडवली. कोळंबीने नुकसान केलंच, पण भाड्याचा बोजा तिच्या आधी दहा वर्षं मानेवर होता. जिवंत धंद्याला मढं करून त्याच्या टाळूवरचं लोणी खाणं यालाच म्हणतात.

मध्यंतरी एका साखळीच्या दुकानात सकाळी न्याहारीला थांबलो. नाव घेत नाही. चाळीसेक टेबलं, वाढायला दोन बाया. एक साठीच्या पुढची, पायाला क्रेप बँडेज. पॅनकेकसोबत पूर्वी सिरपचा लहानसा जग यायचा, आता दोन प्लॅस्टिकच्या पुड्या. तिसरी मागितली तर ती हळूच म्हणाली, “त्याचे पैसे पडतील, आम्हाला मोजून देतात.” बटाटे बाहेरून जळलेले, आतून थंड. कॉफी पुन्हा भरायला कोणी आलं नाही, कारण येणार कोण? त्या बाईने ओशाळून दोनदा माफी मागितली. साहेब, तिने का मागावी? ती पहाटे पाचपासून उभी होती. माफी तुम्ही मागायला हवी होती, आणि तुम्ही त्या राज्यातही नव्हता.

तुमच्यामुळे गेलं ते फक्त फ्रँकफर्टर नाही. अशा दुकानात रात्री दोन वाजता ट्रकवाला, रात्रपाळी संपवलेली परिचारिका, मोटेल शोधणारं कुटुंब आणि आमच्यासारखा परका माणूस एकाच काउंटरवर कोपराला कोपर लावून बसतो. महाग हॉटेलात हे होत नाही, ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीतही होत नाही. त्या काउंटरमागे चाळीस चाळीस वर्षं काढलेल्या बायका आहेत, त्यांना नेहमीच्या माणसाची अंडी कशी हवीत ते ठाऊक असतं. दुकान बंद होतं तेव्हा त्यांना मिळतं काय, ते तुम्ही कधी विचारलंत?

आता डेनीजकडे सगळ्यांचं लक्ष आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियाच्या लेकवुडमध्ये डोनटचं दुकान म्हणून सुरू झालेली ही साखळी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिने दीडशे दुकानं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गुंतवणूकदारांच्या एका गटाने ती कर्जासकट सुमारे ६२ कोटी डॉलरना घ्यायचा करार जाहीर केला. गटात दोन गुंतवणूक कंपन्या आहेत, आणि तिसरी यादव एंटरप्रायझेस, जी स्वतः डेनीजची मोठी फ्रँचायझी चालवत आली आहे. म्हणजे त्या टेबलाशी तव्याची आच सोसलेला निदान एक जण आहे. माझी सगळी आशा त्याच्यावर आहे. शेजारच्या दोन खुर्च्यांत तुम्ही असाल, तर हे पत्र तुमच्यासाठीच आहे.

मागणं साधं आहे. जमिनींना हात लावू नका. वाढप्यांची संख्या कमी करण्याआधी एक सकाळ त्यांच्यासोबत उभे राहा. आणि दर आठवड्याला एकदा, न सांगता, रात्री दोन वाजता तुमच्याच एका दुकानात जा, स्वतःच्या खिशातून बिल भरा आणि ताटात आलेलं सगळं संपवा. संपलं नाही, तर दोष गिऱ्हाइकाच्या आवडीचा नाही, तुमचा आहे. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तो दुरुस्त करा.

आपला,
एक गिऱ्हाईक